मनातल्या बोलण्याची प्रत

पुणे जिल्ह्याच्या नकाशावर पश्चिमेकडे बोट सरकवत गेलं की आंबेगाव तालुका जिथे संपतो, तिथे आहुपे हे गाव आहे. गावाच्या पुढे जमीनच संपते. कड्यावर उभं राहिलं की खाली ठाणे जिल्ह्यातला मुरबाडचा मुलूख दिसतो, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात आणि खोपिवलीकडे उतरणारी जुनी घाटवाट झाडीत शिरते. घोड नदी याच डोंगरात उगम पावते आणि पुढे डिंभ्याला, हुतात्मा बाबू गेनू सागरात अडते. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. भात, नाचणी, वरई ही पिकं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बाळहिरडा गोळा करून विकणं, हा रोख पैशाचा मार्ग.

2022च्या श्रावणात मी तिथे सतरा दिवस राहिलो. ते राहणं संशोधनासाठी नव्हतं. माझी थोरली बहीण तरुणपणी काही वर्षं या खोऱ्यात शिक्षिका होती आणि शाळकरी वयात सुट्टीत मी तिच्याकडे जात असे. जानेवारी 2019मध्ये एका रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. मी पाहिला, ‘उद्या निवांत बोलू’ असं म्हणून बाजूला ठेवला. पहाटे भाच्याचा फोन आला, तेव्हा ताई गेली होती. हृदयविकाराचा झटका.

त्यानंतर साडेतीन वर्षं माझ्या मनात एकच वाक्य रोज रात्री येत होतं : ‘फोन का नाही उचललास?’ कधी झोपण्याआधी, कधी तीन वाजता जाग आल्यावर. मी त्याला आत्मपरीक्षण समजत होतो. चुकीची जाणीव असलेला माणूस असंच करणार, असं मला वाटे. आहुप्यात मला पहिल्यांदा शंका आली, की हे परीक्षण नसावं. त्या शंकेतून पुढची दोन वर्षं वाचन झालं आणि त्या वाचनातून हा लेख.

आधीच सांगतो, मी मानसशास्त्राचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन सत्तावीस वर्षं एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काढली. बाकीचं सगळं वाचन स्वतःच्या हौसेनं आणि ग्रंथालयांच्या मेहेरबानीनं. त्यामुळे लेखात हिशेबनिसाची दृष्टी डोकावली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

चुलीपुढचं बोलणं

ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या आजी पहाटे चूल पेटवताना बोलत असत. पावसानं सरपण ओलं, धूर फार. पहिल्या दिवशी मला वाटलं, घरात आणखी कोणी उठलंय.

“ऊठ बाई, पेटव. कोण येणारे तुझ्या मदतीला?”

थोड्या वेळानं त्याच आवाजात उत्तर : “नाय येत तर नाय येत. पेटंल.”

चौथ्या दिवशी मी विचारलं, “आजी, कोणाशी बोलता?”

“माझ्याशीच. दुसरं कोण हाय इथं?”

“आणि उत्तर कोण देतं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मीच. मंग काय चूल देनार का, दादा?”

हसण्यावारी गेलं ते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझं नेहमीचं वाक्य आलं, तेव्हा एक फरक लख्ख दिसला. आजी प्रश्न विचारत होत्या आणि उत्तरही देत होत्या. माझ्या प्रश्नाला साडेतीन वर्षांत कोणी उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला बोलायची पाळीच आली नव्हती. दोघांचं बोलणं असेल तर त्याला संवाद म्हणायचं. माझ्या मनात चाललं होतं ते एकतर्फी फर्मान होतं.

मराठीनं केलेली वर्गवारी

आपल्या भाषेनं हा फरक फार पूर्वी ओळखला आहे. मनातल्या बोलण्यासाठी मराठीत किती क्रियापदं आहेत, ते पाहावं. आपण मनाशी ठरवतो, मनाला विचारतो, मनाला बजावतो, मनाची समजूत घालतो. मनातल्या मनात मांडे खातो. कुढतो, चरफडतो, घोकतो. एखादी गोष्ट मनाला लावून घेतो. तेच ते उगाळत बसतो. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण तर मनाच्या बोलण्याला वैऱ्याच्याही वर नेऊन बसवते.

ही यादी दोन रकान्यांत सहज लावता येते. विचारणं, ठरवणं, समजूत घालणं यांत दोन पक्ष आहेत आणि ते काम कधीतरी संपतं. ठरवलं की ठरलं. कुढणं, घोकणं, उगाळणं यांत दुसरा पक्ष नाही आणि शेवटही नाही. चंदन उगाळलं तर निदान गंध हाती लागतं; अपमान उगाळून खोडही झिजतं आणि हाती काही लागत नाही. गाय करते तो रवंथ आणि माणसाचं तेच ते विचार करणं, यांसाठी इंग्रजीतही एकच शब्द आहे. फरक इतकाच, की रवंथानं गाईला चारा पचतो.

बाहेरचं बोलणं आत कसं जातं

लहान मूल खेळताना स्वतःशी मोठ्यानं बोलतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे यांनी 1923 साली या बोलण्याला आत्मकेंद्रित बोलणं म्हटलं. त्यांचं मत असं, की मुलाला अजून दुसऱ्याच्या जागी उभं राहून बोलता येत नाही म्हणून ते असं बोलतं आणि मोठं झालं की ते बोलणं विरून जातं. रशियातले लेव्ह विगोत्स्की यांना हे पटलं नाही. मुलांच्या कामात मुद्दाम अडचण आणली तर हे बोलणं जवळजवळ दुप्पट होतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे मूल अडचण सोडवण्यासाठी बोलतं. आणि पुढे ते बोलणं विरत नाही, आत जातं. विगोत्स्की 1934 साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी क्षयानं वारले. हा विचार मांडणारं त्यांचं पुस्तक त्याच वर्षी, त्यांच्या मागे प्रसिद्ध झालं.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे, पण तिचा परिणाम मोठा आहे. मनातला आवाज आपण जन्मताना घेऊन येत नाही. आधी आई, बाप, शिक्षक आपल्याशी बोलतात. मग आपण त्याच शब्दांत स्वतःशी मोठ्यानं बोलतो. मग ते बोलणं आत जातं. म्हणजे आतल्या आवाजाला घराणं असतं.

हे वाचल्यावर मी माझं वाक्य नीट ऐकलं. ‘फोन का नाही उचललास?’ यातला सूर माझा नव्हता. ‘अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस?’ असं विचारणाऱ्या वडिलांचा होता. ते असं विचारत, तेव्हा उत्तर द्यायचं नसे, मान खाली घालायची असे. वडिलांना जाऊन बावीस वर्षं झाली होती, तरी मी अजून मान खाली घालून उभा होतो. ताईनं मला असं कधीच विचारलं नसतं. तिचा आवाज माझ्या मनात होताच की. चार इयत्ता तिनेच मला गणित शिकवलं होतं. चूक झाली की ती म्हणे, “कुठे घसरलास ते बघू.” या प्रकरणात मी तिला एकदाही बोलावलं नव्हतं.

आत खरोखर काय चालतं

आपल्या मनात अखंड बोलणं चालू असतं, असं आपण सहज म्हणतो. अमेरिकेत नेवाडा विद्यापीठातले रसेल हर्लबर्ट 1970च्या दशकापासून हे तपासत आले आहेत. त्यांची रीत अशी : माणसाजवळ एक छोटं यंत्र द्यायचं. ते दिवसातून काही वेळा, कधी ते कळू न देता, वाजतं. वाजण्याच्या आदल्या क्षणी मनात नेमकं काय होतं, ते लगेच टिपून ठेवायचं आणि नंतर त्यावर बारकाईनं बोलायचं. हेवी आणि हर्लबर्ट यांनी 2008मध्ये तीस विद्यार्थ्यांच्या अशा नोंदी प्रसिद्ध केल्या. शब्दांत बोलणं सुमारे एकचतुर्थांश क्षणांतच सापडलं. बाकीच्या क्षणांत चित्रं होती, भावना होत्या, एखाद्या रंगाकडे किंवा स्पर्शाकडे लागलेलं लक्ष होतं, आणि शब्द-चित्र काहीच नसलेले पण स्पष्ट असे विचारही होते. माणसामाणसांतला फरक तर प्रचंड. काहींच्या मनात जवळजवळ सतत बोलणं, काहींच्या मनात अजिबात नाही.

मी आहुप्यात मोबाईलवर आडव्यातिडव्या वेळांचे गजर लावून याची घरगुती नक्कल केली होती. हर्लबर्ट यांनी ती बाद ठरवली असती, कारण वेळा मीच लावलेल्या. तरी वहीतल्या नोंदी वाचताना मी चकित झालो. मला वाटत होतं, दिवसभर माझ्या मनात ताईचाच विषय असतो. नोंदींत दिवसा बहुतेक वेळा भलतंच होतं : ओल्या गवताचा वास, चहाची तल्लफ, कड्यावरून उलटा वर येणारा पाऊस, गुडघा. तो एक आवाज रात्रीचा होता आणि काही मिनिटांचा होता. त्यानं साडेतीन वर्षं व्यापली आहेत, हे माझं गणित चुकलेलं होतं.

उगाळणं आणि चिंतन

अमेरिकन संशोधक सुसान नोलन-होक्सेमा यांनी उगाळण्याच्या सवयीचा अभ्यास केला. 1989मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी प्रश्नावल्या भरून घेतल्या : उदास वाटलं की तुम्ही काय करता, सध्या मन कसं आहे, वगैरे. दोनच आठवड्यांत, 17 ऑक्टोबरला, त्या भागात मोठा भूकंप झाला. योगायोगानं त्यांच्या हाती भूकंपाआधीची माहिती होती. त्यांनी पुन्हा विचारपूस केली. ज्यांना आधीपासून उगाळण्याची सवय होती, ते दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनीही इतरांपेक्षा अधिक खचलेले आढळले. त्यांची आधीची उदासी हिशेबात धरूनही हा फरक उरला.

मग स्वतःकडे पाहणंच वाईट का? इथे एक कोडं होतं. जे स्वतःकडे जास्त लक्ष देतात त्यांना स्वतःची ओळख जास्त असते, आणि तेच जास्त दुःखीही असतात, असं दोन्ही आढळत होतं. 1999मध्ये ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल यांनी ते सोडवलं. स्वतःकडे पाहण्यामागे दोन वेगळ्या प्रेरणा असतात. एक कुतूहलाची : मी असा का वागलो, हे समजून घेण्यात रस असतो. दुसरी भीतीची : काहीतरी गमावलंय, काहीतरी बिघडणार आहे, म्हणून नजर हटत नाही. पहिलीला त्यांनी चिंतन म्हटलं, दुसरीला उगाळणं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणूनच माझ्यासारख्याची फसगत होते.

एकांतानं हे सुटतं, असाही समज आहे. मीही तो घेऊनच आलो होतो. आहुप्यात भैरवनाथाची देवराई आहे. महाराष्ट्रातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात केला, तेव्हापासून अशा राया अभ्यासकांच्या नजरेत आल्या. गावांनी मात्र त्या शतकानुशतकं देवाच्या धाकानं सांभाळल्या. मी तिथे एक सकाळ बसलो. पानांवरून ठिबकणारं पाणी, दाट सावली, माणूस नाही. अपेक्षा शांततेची होती. झालं उलटं. रात्री येणारा आवाज भर सकाळी आला, आणि मोठा होऊन आला.

हे माझंच दुबळेपण, असं तेव्हा वाटलं. पुढे 2014चा एक प्रयोग वाचला. व्हर्जिनिया विद्यापीठातले टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं. जवळ फक्त एक बटण. दाबलं तर स्वतःलाच विजेचा झटका बसणार. हा झटका टाळायला आपण पैसेही देऊ, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरी 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी बटण दाबलं. माणसाला स्वतःजवळ बसणं इतकं जड जातं. देवराई जागा देते. तिथे बसून स्वतःशी कसं बोलायचं, हे माणसाला शिकावंच लागतं.

स्वतःला नावानं हाक

शिकायचं काय, याचा एक धागा आजींच्या बोलण्यात होता. त्या ‘मी’ म्हणत नव्हत्या. ‘ऊठ बाई’ म्हणत होत्या, कधी स्वतःला नावानं हाक मारत होत्या. मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014मध्ये नेमकं हेच तपासलं. लोकांना ऐनवेळी भाषण करायला सांगितलं. तयारीत काहींनी स्वतःशी ‘मी’ म्हणून बोलायचं, काहींनी स्वतःचं नाव घेऊन किंवा ‘तू’ म्हणून. दुसऱ्या गटाची घालमेल कमी झाली आणि भाषणंही बरी झाली. त्याच वर्षी ग्रॉसमन आणि क्रॉस यांनी दाखवलं, की आपण दुसऱ्याच्या अडचणीचा विचार स्वतःच्या अडचणीपेक्षा शहाणपणानं करतो. पण स्वतःच्या अडचणीकडे दूरच्या माणसासारखं पाहिलं, तर हा फरक पुसला जातो.

मराठी वाचकाला हे ऐकून समर्थ रामदास आठवणारच. मनाचे श्लोक 205 आहेत आणि ते लोकांना उद्देशून नाहीत, मनाला उद्देशून आहेत. त्यांतला कवी मनाला समोर बसवतो, त्याला सज्जन म्हणतो आणि मग सांगतो. हे संबोधनच महत्त्वाचं. ज्याला सज्जन म्हटलं, त्याच्याशी वडील शिक्षा करताना बोलतात तसं बोलता येत नाही.

अभंगांतली नाममुद्रा मला याच नजरेनं नव्यानं दिसली. नामा म्हणे, तुका म्हणे, ही कवीची सही आहे, हे आपण शाळेत शिकलो. ते खरंच आहे. पण सहीच्या पलीकडेही तिथे काही घडतं, असं मला वाटतं. अभंगभर ‘मी’ म्हणून रडणारा, भांडणारा माणूस शेवटी एक पाऊल मागे सरतो आणि स्वतःचं नाव तिसऱ्या माणसाचं असावं तसं घेतो. मग जे सांगतो ते त्या रडण्याकडे पाहून सांगतो. सगळ्याच अभंगांना हे लागू नाही आणि संतांनी मानसशास्त्राचा प्रयोग म्हणून हे केलं, असा दावाही नाही. पण ही चाल शेकडो वर्षं मराठी माणसाच्या कानावर आहे.

बायांच्या जात्यावरच्या ओव्यांत तर ही गोष्ट आणखी ठळक. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी 1980च्या दशकापासून मावळ-मुळशीपासून राज्यभर फिरून सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आता ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकता येतात. या ओव्यांत बाई आपलं दुःख सांगते, पण मोकळ्या हवेत नाही. कधी आईला सांगते, कधी भावाला, कधी जात्यालाच देव म्हणून, कधी समोर खुंट्याला हात लावून बसलेल्या जावेला. ऐकणारा ठरलेला असतो. बोलण्याला लय असते, म्हणजे शब्द निवडावे लागतात. आणि सुपातलं दाणं संपलं की दळण संपतं, तशी ओवीही थांबते. ऐकणारा, आकार आणि शेवट. माझ्या रात्रीच्या बोलण्यात तिन्ही नव्हते.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायांच्या खांद्यांचे हाल थांबले, हे चांगलंच झालं. ओवीची जागा मात्र रिकामी राहिली. आज कोणी सांगू पाहील तर वही-पेन हा जवळचा पर्याय आहे. जेम्स पेनेबेकर यांनी 1986मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. लिहिल्यावर लगेच ते अधिक उदास झाले, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम लहानच निघाला, हेही सांगायला हवं. पण एक बाब लक्षणीय : फायदा झाला तो ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतं’ अशा शब्दांची भर पडत गेली, त्यांना अधिक. तेच वाक्य चार दिवस लिहिणाऱ्यांना तितका नाही.

आणखी एक मदत अल्बर्ट एलिस यांची. 1955च्या सुमारास त्यांनी जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, ती मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या संस्थेनंही ती घराघरांत नेली. एलिस यांचं म्हणणं, आपल्याला छळतात ती आपली ‘पाहिजेच’ची वाक्यं. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो : च. ‘मी फोन उचलायला हवा होता’ हे दुःख आहे आणि ते खरं आहे. ‘मी फोन उचलायलाच हवा होता’ हा खटला आहे. त्यात पुढे काय घडणार, हे मला आधीच माहीत होतं, असं गृहीत धरलेलं आहे. साडेदहाला मला ते माहीत नव्हतं.

वही वहीशी ताडून चालत नाही

इथवर आलो तरी एक गोष्ट उरली होती. ताईनं फोन का केला असेल? मी मनाशी उत्तर ठरवून टाकलं होतं : तिला त्रास होत होता, मदत हवी होती. ते इतक्या वेळा मनात म्हटलं होतं, की ते मला आठवणीसारखं वाटू लागलं होतं.

1977मध्ये निस्बेट आणि विल्सन यांनी एक निबंध लिहिला. त्यातला एक प्रयोग : दुकानात लांब पायमोज्यांचे चार जोड मांडले आणि गिऱ्हाइकांना उत्तम कोणता ते निवडायला सांगितलं. चारही जोड तंतोतंत सारखे होते. सर्वांत जास्त लोकांनी उजवीकडच्या टोकाचा निवडला. कारण विचारल्यावर वीण, पोत वगैरे सांगितलं. जागेमुळे निवडला, असं एकानंही म्हटलं नाही. आपल्या मनाची कारणं आपल्याला आतून दिसतात, असं आपण मानतो. पुष्कळदा आपण ती रचतो आणि रचली आहेत हे आपल्याला कळत नाही. स्वतःच्या मनाबद्दल ही गत, तर दुसऱ्याच्या मनाबद्दल काय बोलावं?

हिशेबनिसाला हे ठाऊक असतं. खतावणीत चूक असेल तर खतावणीच पुन्हा पुन्हा वाचून ती सापडत नाही. मूळ पावती काढावी लागते. मी साडेतीन वर्षं खतावणी वाचत होतो.

त्या वर्षी पितृपक्षात भाच्याकडे गेलो. जेवणं झाल्यावर विचारलं, “त्या रात्री ताईनं मला फोन केला होता. कशासाठी, काही बोलली होती का?”

तो म्हणाला, “हो मामा. आहुप्याकडून कोणीतरी वरई आणून दिली होती. तुमच्यासाठी दोन किलो काढून ठेवली होती. तेच सांगायचं होतं. तुम्ही उचलला नाही तर म्हणाली, झोपला असेल, उद्या बघू.”

नंतर तिनं दूध घेतलं, टीव्ही पाहिला आणि झोपली.

मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं भाचाच म्हणाला, “रात्री तिला छातीत जळजळ होत होती, मामा. मी ॲसिडिटीची गोळी दिली आणि झोप म्हणालो. मी तेव्हाच दवाखान्यात न्यायलाच हवं होतं.”

त्याच्या वाक्यातला तो ‘च’ मी ओळखला. साडेतीन वर्षं दोघं एकाच गोष्टीवर दोन वेगळ्या खोल्यांत जागत होतो. वर्षश्राद्धाला शेजारी बसून जेवलो होतो आणि एकमेकांना एक शब्द विचारला नव्हता. मी त्याला ताईच्या सुरात विचारण्याचा प्रयत्न केला : “त्या वेळी तुला काय दिसत होतं, ते सांग.” तो सांगत गेला. त्याला दिसत होतं त्यावरून त्यानं केलं ते वावगं नव्हतं. हे त्याला लगेच पटलं असं नाही. पण तोवर दुसरी बाजू बोललीच नव्हती, ती त्या रात्री पहिल्यांदा बोलली.

प्रत कशी पाहावी

हिरडा विकत घेणारा माणूस मूठभर हातात घेतो, नीट वाळलाय का, ओल आहे का, ते पाहतो. तशी मनातल्या बोलण्याची प्रत पाहायची असेल तर मी स्वतःपुरते पाच प्रश्न ठरवले आहेत. ते शास्त्रीय प्रश्नावलीत बसतील असे नाहीत, पण वरच्या वाचनातून आलेले आहेत.

पहिला : आत बोलणारे किती आहेत? दुसऱ्या बाजूला बोलायची पाळी मिळते का? दुसरा : हा सूर कोणाचा आहे, आणि या कामाला तोच माणूस बोलवायचा का? तिसरा : मागच्या आठवड्यात हेच म्हटलं होतं, त्यात आज एखादं नवं ‘कारण’, नवं ‘म्हणून’ आलं का? चौथा : हे बोलणं कुठे थांबणार? कशानं संपलं असं मी मानीन? आणि पाचवा, मला सर्वांत उशिरा सुचलेला : याचं उत्तर खरंच माझ्या आत आहे का, की ते कोणाला तरी विचारायला हवं?

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आतला आवाज झोप, भूक, काम हिरावून घेऊ लागला, जगणं नको वाटू लागलं, तर असले प्रश्न पुरत नाहीत. तेव्हा डॉक्टरांकडे जावं. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.

माझं म्हणाल तर रात्रीचं ते वाक्य अजून येतं, वर्षातून काही वेळा. जानेवारीत हमखास. मी त्याला उत्तर देतो : ‘झोपलो नव्हतो ताई, कंटाळलो होतो. वरईचं कळलं.’ तेवढ्यानं दुःख जात नाही, आणि ते जावं असं मला वाटतही नाही. पण कूस बदलून झोप लागते.

ती दोन किलो वरई भाच्यानं टाकून दिली नव्हती. डब्याला कीड लागली होती. निवडून त्यातली मूठभर निघाली. ती मी पुढच्या पावसाआधी आहुप्याला आजींकडे नेऊन दिली. त्यांनी तळहातावर घेऊन पाहिली, फुंकर मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “बघ बाई, उगवती का. नाय उगवली तर कोंबड्या हायेत.”